फोन उचलल्यावरची पहिली पाच मिनिटं

वाचकांचे प्रश्न : घर-जागांचे व्यवहार

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे, तो म्हणजे फोन. एजंट लिहितात की फोन फार येतात आणि त्यातले बरेचसे वाया जातात. घर शोधणारे लिहितात की फोनवर कुणी धड ऐकूनच घेत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एखाद्या घराची जाहिरात टाकली की दिवसाला चाळीसेक फोन येतात. त्यातले दोन-तीन सोडले तर बाकीचे नुसती चौकशी करणारे. किंमत विचारतात, 'कळवतो' म्हणतात आणि ठेवून देतात. प्रत्येकाशी नीट बोलत बसलो तर बाकीची कामं कधी करायची?
– एक इस्टेट एजंट

उत्तर : आधी वेळेचा हिशेब मांडू. ४० फोन आणि प्रत्येकी ४ मिनिटं म्हटली तर १६० मिनिटं होतात, म्हणजे २ तास ४० मिनिटं. वेळ थोडा नाही, हे खरंच. आता चुकीच्या माणसाला चुकीचं घर दाखवण्याचा हिशेब मांडा. किल्ली आणायची, तिथवर जायचं, पार्टीची वाट पाहायची, घर दाखवायचं, परत यायचं. यात दीड-दोन तास सहज जातात. आणि पार्टी दारातच म्हणते, "लिफ्ट नाही का? आईला जिना चढवत नाही." फोनवर हे विचारायला २० सेकंद लागली असती. दिवसातून अशा दोन फेऱ्या वाचल्या तरी त्या ४० फोनांचा वेळ भरून निघतो.

'नुसती चौकशी' या शब्दांत एक घोटाळा आहे. घर घेण्याची वेळ बहुतेकांवर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येते. काय विचारायचं असतं हेच माणसाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असतो तो एकच प्रश्न : किंमत किती? त्याच्या मनात खरं म्हणजे असतं की आपल्याला हे झेपेल का, आणि नाही झेपलं तर काय झेपेल. तुम्ही आकडा सांगून गप्प बसलात तर फोन १५ सेकंदांत संपतो आणि वहीत 'टाइमपास' अशी नोंद होते. त्या नोंदीला त्याच्या प्रश्नाइतकंच तुमचं तुटक उत्तरही कारणीभूत असतं.

शिवाय, फोन करणारा कोण आहे हे पहिल्या मिनिटात कळायला मार्गच नसतो. आईवडिलांच्या वतीने धाकटा मुलगा फोन करतो. त्याला स्वतःला काही घ्यायचं नसतं, पण घरात जाऊन तो जे सांगेल त्यावर पुढचं ठरतं. कुणाला भाड्याचं घर ठरावीक तारखेला सोडायचं असतं आणि ते आवाजात कळू द्यायचं नसतं. कुणाला वारशाने घर मिळालेलं असतं आणि त्याचं काय करावं हे सुचत नसतं. सगळ्यात जास्त निसटतो तो शेजारच्या इमारतीतला मालक. आपलं घर विकायला काढावं का, याचा तो अंदाज घेत असतो, आणि प्रश्न मात्र अगदी इतरांसारखाच विचारतो : "ते घर केवढ्याला आहे?" त्याला उडवून लावलंत तर त्याचं घर दुसऱ्या एजंटकडे जातं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. हा तोटा कुठल्याच वहीत चढत नाही, म्हणून तो होतच नाही असं वाटत राहतं.

धंद्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. फोन करणारा माणूस डोक्यावरच्या छपराबद्दल विचारत असतो, बहुतेक वेळा आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खर्चाबद्दल. तुम्हाला जे तोंडपाठ आहे ते त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. दोन मिनिटांची खरी माहिती त्याला चुकीच्या व्यवहारातून वाचवू शकते. हे काम एजंटचंच आहे, ते दुसरं कोण करणार?

वेळ हाताबाहेर जाऊ नये यासाठी पहिल्या फोनला ५ मिनिटांची मर्यादा घाला. विषय त्याहून मोठा निघाला तर "हे नीट बोलायला हवं, संध्याकाळी ६ वाजता १५ मिनिटं ठेवू या का?" असं विचारा आणि ठरवलेल्या वेळी स्वतः फोन करा. ज्याला खरंच गरज नसते तो इथेच आपणहून गळतो. त्याला गाळायला उद्धटपणा लागत नाही.

प्रश्न : मी नुकतीच एका एजन्सीत फोन घेण्याच्या कामाला लागले आहे. आधी बजेट विचारायचं आणि जमत नसेल तर फोन ठेवायचा, असं मला शिकवलं आहे. पण लोक बजेट सांगायला कचरतात. कोणत्या क्रमाने विचारावं?
– नव्याने कामाला लागलेली वाचक

उत्तर : बजेट शेवटी विचारा. सुरुवातीलाच विचारलं की माणसाला आपल्याला जोखलं जातंय असं वाटतं. काही जण मुद्दाम कमी आकडा सांगतात, कारण आहे त्याहून महाग घर गळ्यात मारलं जाईल अशी त्यांना भीती असते. बाकीच्यांनी हिशेबच केलेला नसतो, ते मनाला येईल तो आकडा सांगतात. त्या आकड्यावर केलेली निवड मग चुकणारच.

पहिली गोष्ट म्हणजे त्याने जे विचारलंय त्याचं पूर्ण उत्तर द्या. किंमत विचारली असेल तर किंमत, तिच्यावर येणारे कर आणि शुल्क, देखभालीचा महिन्याचा खर्च हे सगळं सांगा. 'प्रत्यक्ष भेटल्यावर सांगतो' हे वाक्य विश्वास तिथल्या तिथे संपवतं. उत्तर मिळालं की माणूस सैल होतो, आणि मग तुमच्या प्रश्नांची पाळी येते.

विचारा की या जाहिरातीतलं काय आवडलं. इथे बऱ्याचदा अनपेक्षित गोष्ट हाती लागते. त्याला घर आवडलेलंच नसतं, फक्त शाळा जवळ हवी असते. मग राहणार किती जण, म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे का, जिना कुणाला जड जातो का. रोज कुठे जायचं असतं आणि कशाने. घर कधीपर्यंत हवं, आणि ती तारीख का. सध्या राहतात ते घर भाड्याचं की स्वतःचं, आणि स्वतःचं असेल तर ते आधी विकावं लागणार आहे का. ठरवणार कोण कोण. आजवर कुठली घरं पाहिली आणि ती का नाकारली. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. 'काय हवं' याचं उत्तर देताना माणूस स्वप्न सांगतो, 'का नाकारलं' याचं उत्तर देताना खरी गरज बाहेर येते.

हे सगळे प्रश्न एका दमात झाडले तर ती उलटतपासणी होईल. एखाद्या उत्तरातून दोन प्रश्न आपोआप सुटतात, ते वगळा. आणि समोरचा थांबला की लगेच बोलू नका, तीन सेकंद जाऊ द्या. लोक खरी अडचण त्या तीन सेकंदांनंतर सांगतात. नवशिक्यांची नेहमीची चूक इथेच होते. ते अर्ध्या मिनिटात हातातल्या घराचं वर्णन सुरू करतात, आणि ऐकणं तिथेच संपतं.

आता पैसे. 'बजेट किती' असं न विचारता दोन आकडे विचारा : हातात किती आहेत, आणि महिन्याला किती हप्ता न ओढाताण करता भरता येईल. मग हिशेब तुम्ही करून द्या. वार्षिक ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर १ लाख कर्जाला महिन्याचा हप्ता सुमारे ९०० येतो. म्हणजे २७,००० हप्ता झेपत असेल तर कर्ज ३० लाखांच्या आसपास. व्याज १० टक्के झालं तर लाखामागे ९६५, आणि ९ टक्क्यांनीच पण मुदत १५ वर्षं केली तर सुमारे १,०१४. हा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा. मिळालेल्या कर्जात हातातले पैसे मिळवा आणि त्यातून कर, नोंदणी, सामान हलवणं, डागडुजी यांचा खर्च वजा करा. उरतो तो खरा आकडा. बँक कर्ज किती देईल हे उत्पन्न आणि इतर कर्जं पाहून ठरतं, तेव्हा हा अंदाज आहे हेही स्पष्ट सांगा. एवढं करून देणारी पहिली व्यक्ती तुम्हीच असाल तर तो माणूस पुढचा फोन तुम्हालाच करेल.

शेवटी ऐकलेलं दोन-तीन वाक्यांत परत म्हणून दाखवा : "तर चार माणसं, तळमजला किंवा लिफ्ट, तीन महिन्यांच्या आत, आणि शाळा चालत जाण्याएवढी जवळ. बरोबर?" दहातल्या दोन-तीन वेळा तरी समोरचा म्हणतो, "हो, आणि आणखी एक..." ते 'आणखी एक' लिहून घ्यायला मात्र विसरू नका. मग पुढचं पाऊल तारीख आणि वेळेसकट ठरवा. 'काही आलं तर कळवते' याला पाऊल म्हणत नाहीत.

वहीत हे रकाने पाडा : तारीख, वेळ, नाव, कुठून कळलं, काय हवं (त्याच्याच शब्दांत), काय नको, कधीपर्यंत, पुढचं पाऊल. 'त्याच्याच शब्दांत' यावर जोर आहे. तो 'उजेड हवा' म्हणाला आणि तुम्ही 'पूर्वाभिमुख' लिहिलंत, तर महिन्याभराने तुम्ही त्याला पूर्वेकडे दार असलेलं अंधारं घर दाखवाल.

प्रश्न : घर शोधताना मी पाच एजंटना फोन केले. मी सावकाश, अडखळत बोलतो, आणि माझं बोलणं शहरी नाही. दोघांनी मध्येच फोन ठेवला, तिघांनी परत फोन केला नाही. माझं काही चुकतंय का?
– घर शोधणारा एक वाचक

उत्तर : तुमचं चुकलेलं नाही. आवाजावरून माणूस तोलला जातो, हे अभ्यासातही दिसलं आहे. थॉमस पर्नेल, विल्यम इडसार्डी आणि जॉन बॉ या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांचा असा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या घरमालकांना भाड्याच्या घरांसाठी फोन केले गेले. वाक्य एकच आणि बोलणारा माणूसही एकच, फक्त बोलण्याची ढब तीन प्रकारची. ज्या वस्त्यांत गोऱ्या लोकांची बहुसंख्या होती, तिथे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या ढबीत बोलल्यावर घर पाहायला बोलावण्याचं प्रमाण घसरलं. म्हणजे माणसाची ऐपत किंवा गरज कळायच्या आधीच दार बंद झालं होतं. हे वाचणाऱ्या एजंटांनी स्वतःच्या वहीत एकदा पाहावं : कुणाला परत फोन केले आणि कुणाला राहून गेले? राहून गेलेल्यांत एकाच तऱ्हेची नावं, एकाच तऱ्हेचं बोलणं दिसत असेल, तर तो निव्वळ विसराळूपणा नाही.

तुमच्या हातात आहे तेवढं सांगतो. फोन करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा : किती माणसं, कुठला भाग, कधीपर्यंत, महिन्याला किती झेपेल. कागद समोर ठेवून वाचलंत तरी चालेल. जाहिरात कुठे पाहिली ते आधी सांगा, म्हणजे एजंटला घर लगेच आठवतं. मग हे विचारा : घर अजून शिल्लक आहे का? भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ किती, आणि आकडा चौरस फुटांत आहे की मीटरमध्ये? (१ चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट.) किमतीवर आणखी काय काय द्यावं लागेल? तुमची दलाली किती, आणि ती कोण देतं? आणि शेवटी, तुम्ही मालकाच्या बाजूने काम करता की माझ्या? एजंटचं नाव लिहून घ्या आणि तो परत फोन कधी करेल ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. फोनवर बोलणं जड जात असेल तर या चार ओळी आधी मेसेजने पाठवा आणि मग फोन करा. आणि ऐकून न घेणाऱ्याच्या मागे लागू नका. जो पहिल्या फोनला ऐकत नाही, तो कागदपत्रांत अडचण आल्यावर ऐकेल याची खात्री काय?

प्रश्न : मी फक्त विक्रीचे व्यवहार करतो. भाड्याचं विचारणाऱ्यांना, किंवा अगदी कमी पैसे असलेल्यांना 'नाही' म्हणण्यापलीकडे मी काय करू शकतो?
– एक एजंट

उत्तर : नाही म्हणायला हरकत नाही, पण कुठे विचारायचं ते सांगून म्हणा. त्यासाठी एक यादी तयार ठेवा : भाड्याची कामं करणारे दोन-तीन, इतर भागांत काम करणारे दोन-तीन, कर्जाचं समजावून सांगणारा एक, कागदपत्रं तपासणारा एक वकील. या लोकांना आधी विचारून घ्या, कारण तुम्ही पाठवलेल्या माणसाला तिथेही झिडकारलं गेलं तर दोष तुमच्याकडेच येतो. फोन करणाऱ्याचा नंबर त्याच्या परवानगीशिवाय पुढे देऊ नका, त्यालाच त्यांचा नंबर द्या. असं पाठवण्याबद्दल तुम्हाला मोबदला मिळणार असेल तर तेही सांगून टाका.

पैसे कमी पडत असतील तर 'तुमच्या बजेटमध्ये काही नाही' एवढ्यावर थांबू नका. कशात तडजोड केली तर जमेल ते सांगा : एक खोली कमी, जुनी इमारत, थोडं लांब, किंवा वर्षभर थांबून हातातली रक्कम वाढवणं. खरंच जमण्यासारखं नसेल तर तेही सरळ सांगा. खोटी आशा दाखवून दहा घरं फिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रश्न : घर दाखवताना किंवा गाडी चालवताना फोन घेता येत नाहीत. संध्याकाळी पाहतो तो पंधरा-वीस मिस्ड कॉल. त्यांचं काय करावं?

उत्तर : संध्याकाळची वाट पाहू नका. अमेरिकेतल्या ४२ कंपन्यांकडे ऑनलाइन आलेल्या साडेबारा लाख चौकशांचा एक अभ्यास २०११ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आला होता. तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत, निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याचं प्रमाण जवळपास सातपट होतं. २४ तास किंवा अधिक उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत ते साठपटीहून जास्त होतं. ते आकडे फक्त घरांच्या व्यवहारांचे नाहीत, पण कारण इथेही तेच : फोन करतो तेव्हा माणूस कागद-पेन घेऊन बसलेला असतो. तासाभराने तो दुसऱ्याशी बोललेला असतो किंवा दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

दोन भेटींच्या मध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा आणि ती परत फोन करण्यासाठीच वापरा. आपोआप जाणारा मेसेज लावा, पण त्यात वेळ हवी : "आत्ता घर दाखवतो आहे, दुपारी १ ते १.३० मध्ये फोन करतो. कोणत्या घराबद्दल विचारायचं आहे ते लिहून ठेवाल का?" आणि १ वाजता फोन कराच. वेळ देऊन न पाळणं हे मेसेजच न पाठवण्याहून वाईट. तो उचलत नसेल तर त्याच दिवशी वेगळ्या वेळी आणखी एकदा करा, मग एक मेसेज टाका आणि थांबा. घर गेलेलं असेल तर जाहिरात त्याच दिवशी काढा. गेलेल्या घराच्या जाहिरातीवर फोन ओढून 'ते गेलं, पण दुसरं आहे' म्हणणं ही फसवणूक आहे, आणि तुमच्या मिस्ड कॉलमधले काही तिच्यामुळेच आलेले असू शकतात.

प्रश्न : मालकाने मला नेमलेलं असताना फोन करणारा विचारतो, 'मालक का विकतायत? किती खाली येतील?' त्याला मदत केली तर मालकाशी बेइमानी होत नाही का?

उत्तर : मदत आणि बाजू घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीलाच सांगा, "मी मालकांच्या वतीने काम करतो." मग म्हणा, "त्यांचा शेवटचा आकडा मला सांगता येणार नाही. तुमचा आकडा लेखी द्या, मी तो आजच त्यांच्याकडे पोचवतो." फोन करणारा भाबडेपणाने स्वतःचा वरचा आकडा सांगू लागला तर त्याला थांबवा, कारण तो मालकापासून लपवून ठेवायला तुम्ही मोकळे नाही. एवढं सांगणं हीसुद्धा मदतच आहे.

विकण्याचं कारण मालकाच्या परवानगीशिवाय सांगू नका, पण खोटं कारणही रचू नका. घरातली गळती, ओल, मालकीचा वाद, घरावरचं कर्ज असं काही ठाऊक असताना विचारल्यावर 'काही नाही' म्हणू नका. माहीत नसेल तर 'पाहून सांगतो' म्हणा, वहीत लिहा आणि खरोखर पाहून सांगा. मालकालाही हे आधीच समजावून ठेवा. दडवलेला दोष पाहणीत किंवा कागदपत्रांत निघाला की व्यवहार मोडतो आणि त्याचे महिने वाया जातात.

प्रश्न : मी एकटी काम करते. काही जण फोनवर भलतंसलतं बोलतात, काही उगाच रात्री फोन करतात. अशांचंही ऐकून घ्यायचं का?
– एक महिला एजंट

उत्तर : नाही. प्रत्येकाचं ऐकायचं म्हणजे घराविषयी जे बोललं जाईल ते ऐकायचं. भलतं बोलणाऱ्याला एकदाच सांगा, "मी फक्त घराविषयी बोलेन." पुन्हा तसं झालं तर फोन ठेवा, नंबर बंद करा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांना कळवा. धमकी असेल तर पोलिसांकडे जा. फोनच्या वेळा जाहिरातीतच छापा. अनोळखी माणसाला रिकामं घर दाखवायला एकटीने जाऊ नका : पहिली भेट ऑफिसात घ्या, ओळखपत्र पाहून नाव-नंबर लिहून घ्या, कुठे आणि किती वेळ जाणार ते कुणाला तरी सांगून निघा, आणि घरात त्याला पुढे चालू देऊन स्वतः दाराच्या बाजूला राहा. हा नियम सगळ्यांनाच लावला की कुणाला वेगळं वागवल्यासारखं होत नाही, आणि सरळ माणूस त्याला हरकतही घेत नाही.